दोन चाकांच्या दोन कप्प्या

नागपूर,
९ जुलै १९७८

गोपी,

आशीर्वाद घे आणि खाली बसून वाच. उभ्याने हसलीस तर ऑपरेशनचे टाके दुखतील. तुझ्या भावाने होडी घेतली.

खरीखुरी, शिडाची. कारखान्यातले एक साहेब बदली होऊन गेले. त्यांच्या सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यामागे ती पालथी पडली होती आणि तिच्याखाली कोंबड्यांचा संसार होता. "घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल," म्हणाले. लांबी बारा फूट. डोलकाठी आणि सुकाणू धड आहेत. शीड उंदरांनी खाल्लं, दोऱ्या कुजल्या आणि डोलकाठीच्या टोकावरची एक सोडून बाकी कप्प्या कोणीतरी काढून नेल्या. मी आणि भैयाजींनी ती हातगाडीवर घालून भर सीताबर्डीतून आपल्या गोळीबार चौकापर्यंत ओढत आणली. मागे बघ्यांची वरात. तुझी वहिनी प्रेमिला दारातच उभी. म्हणाली, "होडी आनली, आता समुद्र कवा आनता?"

भैयाजी म्हणजे आमच्या हिंगण्याच्या कारखान्याच्या फाटकावरचे पहारेकरी. नौदलात नोकरी करून आलेत. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसतात आणि हिंगणा येईपर्यंत रोज एक वादळ सांगतात. ते म्हणाले, होडी तरेल, दुरुस्ती मी शिकवतो.

हे सगळं बाबांसाठी चाललंय. सूत मिळेनासं झालं आणि माग बंद पडला हे तुला मागे लिहिलंच होतं. तेव्हापासून बाबा मागासमोर खुर्ची टाकून बसतात. जेवायला बोलावलं तर जेवतात, बोललं तर हूं करतात. तुला त्यांची ती जुनी गोष्ट आठवते ना? तरुणपणी कुण्या गोऱ्या साहेबाच्या होडीसाठी त्यांनी शिडाचं कापड विणलं होतं, आणि आंबाझरी तलावाच्या बांधावर उभं राहून ते फुगलेलं पाहिलं होतं. त्यांना होडीत काही कोणी बसवलं नाही. परवा मी दारात होडी उतरवली तर बाबा काठी टेकत बाहेर आले, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "शीड कायचं लावतं गा?" किती दिवसांनी त्यांनी आपणहून काही विचारलं, गोपी! मी तिथेच ठरवलं, हा माणूस त्या होडीत बसला पाहिजे.

शिडाची सोय झाली. मागावरून उतरलेलं जाड चादरीचं शेवटचं थान घरात आहे, प्रेमिला ते शिवून देते आहे. दोऱ्या आणि कप्प्या मात्र तू बघ. इतवारीच्या बाजारात मिळतात त्या विहिरीच्या नाहीतर बैलाच्या. तुझ्या मुंबईत जहाजाचं सामान मिळत असेल आणि आमचे जावईबापू बाबनराव तर गोदीतच कामाला आहेत. की मागावरच्या चकऱ्याच काढून कप्प्या म्हणून लावू? शिसवी आहेत, नुसत्याच लटकून आहेत. तुझी हरकत नसेल तर.

गिरिधर


माझगाव, मुंबई,
१९ जुलै १९७८

भाऊ,

मागाला हात लावशील तर याद राख. त्या चकऱ्या मागेपुढे फिरायच्या त्या तालावर मी झोपले आहे, आणि ताल थांबला की जागी झाले आहे. आईनं त्याच्याशेजारी बसून सुताच्या कांड्या भरता भरता मला बाराखडी शिकवली. इथं मुंबईत मला माहेर आठवतं ते त्या खटखटीसकट. बंद असला म्हणून काय झालं? जिथं आहे तिथं राहू दे. मी येईन तेव्हा मला तो तिथं दिसला पाहिजे.

होडीचं वाचून मात्र खूप हसले. टाके दुखले नाहीत, आता पुष्कळ बरी आहे. बाबनराव म्हणाले, "तुझ्या भावाला सायकलवर तोल धरता येत नाही." मी म्हटलं, पाण्यात पडून लागत तरी नाही.

साहेबाची गोष्ट कशी विसरेन? आईसुद्धा तेव्हा बांधावर होती, तू तिच्या कडेवर. ती सांगायची, शीड फुगलं तेव्हा बाबांनी शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरला आणि म्हणाले, "ते कापड माह्यं हाये." त्या माणसाला वाटलं, चोरीला गेलं. तो म्हणाला, "मंग पोलिसात जा ना गा."

दोऱ्या पाहते. पण दोरी म्हणजे काय दुकानात गेलं आणि वीतभर घेतली असं आहे का? किती लांब, किती जाड, कशाला, ते नीट लिही.

आणि एक सांग. तुझ्या प्रत्येक पत्राखाली बाबांच्या दोन ओळी असायच्या. "गोपी, तब्येत सांभाळ. इकडे सर्व ठीक." एवढंच लिहायचे, पण असायच्या. मागच्या दोन-तीन पत्रांत नाहीत. माझ्यावर रागावलेत का?

तुझी
गोपिका


नागपूर,
२ ऑगस्ट १९७८

गोपी,

मागाला हात लावत नाही, घे शपथ.

बाबा तुझ्यावर कशाला रागावतील? चष्म्याची काच फुटली आहे. नवीन झाला की लिहितील.

आता दोऱ्यांचं. दोन लागतात. एक शीड चढवायची. ती डोलकाठीच्या टोकावरच्या कप्पीतून जाते, एकदा शीड वर गेलं की बांधून टाकायची. भैयाजी म्हणतात, ही ताणली जाणारी नको, नाहीतर शीड सैल पडतं. तीस फूट पुरे. दुसरी महत्त्वाची. ती शिडाच्या खालच्या दांड्याला असते आणि होडीत बसलेल्या माणसाच्या हातात असते. ओढली की शीड आत येतं, सोडली की बाहेर जातं. सगळा खेळ हिच्यावर. ही दोरी मऊ हवी, हाताला काचणार नाही अशी. बारीक नको, मुठीत नीट भरली पाहिजे. आणि ओढ अगदी हलकी हवी, म्हणून हिच्यासाठी दोन कप्प्या आण, प्रत्येकीत दोन-दोन चाकं. चाकं बोटानं ढकलली तरी फिरावीत. दोरी भरपूर लांब घे. चाकं वाढली की दोरीही तितकी जास्त ओढावी लागते, असा भैयाजींचा हिशेब आहे.

इथे पाऊस चांगला आहे. आंबाझरी भरत आली.

गिरिधर


माझगाव, मुंबई,
२७ ऑगस्ट १९७८

भाऊ,

सामान मिळालं. त्याची गोष्ट आधी सांगते, मग तुझ्याशी भांडते.

रविवारी बाबनरावांना घेऊन दारूखान्यात गेले. नाव ऐकून दचकू नकोस. तिथं जुनी जहाजं मोडतात आणि त्यांच्या पोटातलं सगळं रस्त्यावर विकायला मांडतात. घंटा, गोल खिडक्या, कपबशा, गाद्या. एका दुकानात नुसत्या दोऱ्या आणि कप्प्या. मालक म्हातारा, रत्नागिरीकडचा, पूर्वी खलाशी होता. मी म्हटलं, शिडाची दोरी दाखवा. त्यानं बाबनरावांकडे पाहून नायलॉनचं वेटोळं काढलं. चकचकीत, स्वस्त, मजबूत. मी हातात घेतली तर साबणासारखी निसटली, जोरात ओढली तर तळवा भाजला. शिवाय ताणते. ती परत केली. काथ्याची तर मुठीत धरवत नाही. मनिला दोरी ताणत नाही, पण अंगावर कुसळं. ती शीड चढवायला घेतली, एकदा बांधली की कोण हात लावतो? हातात धरायची दोरी काही मनासारखी मिळेना. मी प्रत्येकीचं टोक उसवून पीळ पाहत होते आणि बाबनराव रस्त्याकडे पाहत उभे होते, जणू माझी ओळखच नाही. शेवटी सुती मिळाली. पीळ दिलेली नाही, मुलींच्या वेणीसारखी गुंफलेली, अंगठ्याएवढी जाड. गालाला लावून पाहिली. आपल्या घरातली वाटली.

म्हाताऱ्यानं बजावलं, "सुती भिजली की फुगते हो. प्रत्येक वेळी वाळवायला लागेल." मी म्हटलं, सुताचं काय करायचं ते आम्हाला ठाऊक आहे.

मग कप्प्या. सागवानी, आत पितळी चाकं. दोरी खाचेत बरोबर बसते, कडांना घासत नाही, ते तिथंच ओवून पाहिलं. दोन चाकांच्या दोन मागितल्या तेव्हा त्यानं मला विचारलं, "बाई, होडी केवढी?" बारा फूट, म्हटलं. तो हसला. "बारा फुटांस एक साधी कप्पी पुष्कळ झाली. एवढ्या चाकांवर ओढ पाव हिश्शावर येते. ओढणारा कोण? लहान मूल, का आजारी माणूस?"

मी म्हटलं, माझा भाऊ. आणि पैसे देऊन बाहेर आले. रस्ता ओलांडताना बाबनराव काही बोलत होते, मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

भाऊ, तू लग्नात मला एका हातानं उचलून बोहल्यावर ठेवलं होतंस. तुला पाव हिश्शाची ओढ कशाला हवी? मऊ दोरी कोणाला हवी, मुठीत भरेल अशी? चष्म्याची काच फुटलेला माणूस दोन ओळी अंदाजानंसुद्धा लिहितो. बाबांनी पंचांगाच्या मागे अंधारात हिशेब लिहिले आहेत. आणि सूत नाही म्हणून बाबा माग बंद करतील? सूत नसताना ते जुनं उसवून विणायचे.

कोणाचा हात आहे तो?

पार्सल रेल्वेनं आजच टाकलं. हात कोणाचाही असो, त्याला दोरी लागेल. उत्तर पहिल्या टपालानं हवं.

गोपिका


नागपूर,
५ सप्टेंबर १९७८

गोपी,

बाबांचाच.

गुढीपाडव्याच्या दिवशी, मागावरच. गुढी उभारून झाली होती. बाबा दोरीला झटके देत धोटा इकडून तिकडे मारत होते, मी कारखान्यात जायला चपला घालत होतो. ताल चुकला म्हणून मी मागे वळून पाहिलं. उजव्या हातात धोट्याची दोरी तशीच होती आणि हात खाली आला होता. लकवा. तोंड चार-आठ दिवसांत सरळ झालं, पाय काठीच्या आधारानं चालतो. उजवा हात राहिला. थोडा उचलतो, थोडं धरतो. डॉक्टर म्हणतात, हलवत राहा. पण बाबा रबरी चेंडू दाबतील का? "मी का लेकरू हाव?" म्हणून त्यांनी तो नालीत फेकला. म्हणून मला होडीच्या दोरीचं सुचलं. दोरी दिसली तर ते ओढतीलच.

तुझं ऑपरेशन होऊन तेव्हा पंधरवडा झाला नव्हता. दवाखान्यातल्या खाटेवरून बाबा पहिलं पूर्ण वाक्य बोलले ते हे: "गोपीले सांगू नको, टाके सुटतीन तिचे." मग ते नाहीच सांगितलं. तू मला काय बोलायचं ते बोल, त्यांना नको.

आता चांगलं ऐक. पार्सल आलं. बाबांनी दोरी डाव्या हातानं उचलली, नाकाशी धरली, आणि मला म्हणाले, "कोरी हाये. खळ नाही दिली तं तंतू उठतीन." मी म्हटलं, बाबा, ही होडीची दोरी आहे. "सूत थे सूत," म्हणाले. प्रेमिलानं ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली. गल्लीत दोन खुंट ठोकून दोरी ताणली, अगदी पूर्वी सकाळी उभ्या सुताचा ताणा लावायचो तशी. बाबा डाव्या हातात कुंची, खळीचा तो मोठा ब्रश, घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत खळ पाजत गेले. समोरच्या सखूबाई न बोलावता दुसरी कुंची घेऊन आल्या. त्यांच्या घरी आता कोणी विणत नाही, पण कुंची जपून ठेवली आहे. आणखी दोघं-तिघं आले. किती वर्षांनी आपल्या गल्लीत ताणा लागला! एका जागी खळ जास्त झाली म्हणून बाबा माझ्यावर खेकसले, "हात हाये का फावडं?" पाडव्यापासून मला शिवी नव्हती, गोपी. मी घरात जाऊन डोळे पुसले.

कप्प्या फार सुरेख आहेत. बाबा मांडीवर घेऊन बसतात आणि चाक फिरवतात. डाव्या हातानं. उजवा शेजारी ठेवलेला असतो.

गिरिधर


माझगाव, मुंबई,
१३ सप्टेंबर १९७८

भाऊ,

तुझ्यावर मी रागावले आहे आणि तो राग दिवाळीपर्यंत पुरेल. माझा बाप आजारी आणि मी इथं बसून चिवड्याची पाककृती लिहून पाठवत होते! टाके माझे होते, ते सुटले असते तर मी पाहिलं असतं. पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. बाबनरावांनी त्या दिवशी भात लावला, तो करपला, आणि मुलांसकट आम्ही सगळ्यांनी तोच खाल्ला.

भाऊबीजेला येते, मुलांना बाबनरावांजवळ ठेवून. चांगली आठ दिवस राहणार.

खळ धुऊन काढ. बाबनराव कपाळाला हात लावून सांगत आहेत की खळीची दोरी पाण्यात दुप्पट फुगेल आणि कप्पीत अडकेल. मला हे सुचायला हवं होतं, पण तुझं पत्र वाचताना मलाही वाटलं, बरोबरच आहे, कोऱ्या सुताला खळ हवीच. आपण जन्मात सुधारणार नाही.

बाबांना नमस्कार. त्यांना मला कळल्याचं सांग. आता लपवू नका म्हणावं.

गोपिका


नागपूर,
२४ सप्टेंबर १९७८

गोपी,

तुझं पत्र दोन दिवस उशिरा आलं.

मी आणि भैयाजी आधी एकदा चाचणी घेऊ म्हणून होडी आंबाझरीला नेली. बाबांना बांधावर खुर्ची दिली. बाबांचं शीड चढलं, वारा आला, आणि अहाहा, काय चाललो आम्ही! बांधावरची माणसं टाळ्या वाजवत होती. मग दोरी भिजली. खळ सुटून तिचा चिकट लगदा झाला, दोरी खाचेत गच्च बसली, शीड आतही येईना आणि बाहेरही जाईना. भैयाजी नौदलातल्या हिंदीत जे बोलले ते मी लिहीत नाही. होडी वाऱ्याबरोबर सरळ काठाच्या चिखलात घुसली आणि आम्ही दोघं चिखलात. ज्वारीच्या वासानं मासे मात्र जमले होते.

वर पाहिलं तर बाबा हसत होते. खुर्चीचा हात धरून, खांदे हलवून. माझी तक्रार नाही.

प्रेमिलानं दोरी रिठ्यानं धुतली, तीन दिवस वाळवली. आता कप्पीतून सुळ्ळकन जाते. सखूबाई येता-जाता विचारतात, "पुन्हा खळ कवा देता?"

तू ये. तू आलीस की बाबांना बसवू. तुझ्याशिवाय ते बसायचे नाहीत, तसं बोलून दाखवलं.

गिरिधर


माझगाव, मुंबई,
१२ नोव्हेंबर १९७८

भाऊ,

सुखरूप पोचले. वहिनीनं दिलेला सावजी मसाला पिशवीत सांडला आणि रेल्वेच्या सगळ्या डब्याला भूक लागली.

नागपूरच्या वाऱ्याला मी काही क्षमा करणार नाही. आठ दिवस आंबाझरीचं पाणी ताटात ओतल्यासारखं निश्चल! बाबांना दोघांनी उचलून होडीत बसवलं, शीड चढवलं आणि ते वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबत राहिलं. तरी बाबा दोरी धरून तासभर बसले. "वारा येईन, बस तू," मलाच सांगत होते. नाही आला.

तिथं एक पाहिलं ते तुला लिहायचं होतं. दोरी त्यांच्या मुठीत दिली तर त्यांनी धरली, हलकी ओढलीसुद्धा. तुझ्या चाकांची कमाल आहे. पण उतरायची वेळ झाली तेव्हा मूठ उघडेना. मी एकेक बोट सोडवलं. घरी चहाच्या कपाचंही तसंच. हात धरतो, आणि मग तसाच राहतो. आपण ओढ हलकी केली, पण उघडायला कुठली कप्पी लावणार? मी रोज तेल लावून तळवा उघडत होते. वहिनीला ते करत राहायला सांग. बाबा मला म्हणाले, "काहून रडून राहिली वं? धरते तं हात. पह्यले धरत बी नव्हता."

आणखी एक. मी पुढच्या खोलीत मागाजवळ झोपायचे. पहाटे बाबा उठायचे, खुर्ची ओढायचे, मागासमोर बसायचे आणि त्याच्याकडे बघत राहायचे. पाचव्या की सहाव्या दिवशी मला ते पाहवेना, मी कूस बदलली. अजून काय बोलावं ते कळत नाही.

वारा आला की कळव.

गोपिका


नागपूर,
१५ जानेवारी १९७९

गोपी,

वारा आला. काल संक्रांतीला, भरपूर.

सकाळपासून गल्लीत पतंग. बाबा अंगणात बसून वर बघत होते. एकदम म्हणाले, "पतंग उडते तं शीड काहून नाही?" मी म्हटलं, गोपी नाही. तर म्हणाले, "ते मुंबईले हाये, वारा इथं हाये. चाल." कारखान्यातून ट्रकची ट्यूब आणली होती, ती फुगवून त्यांच्या काखेखाली घातली. त्यात ते असे काही दिसत होते की प्रेमिला तोंडाला पदर लावून घरात पळाली.

भैयाजी सुकाणूवर, मी पुढे, बाबा मध्ये, दोरी त्यांच्या उजव्या मुठीत. चादरीच्या थानाचं शीड फुगलं. बाबांनी वर पाहिलं, आणि काय केलं असेल? दोरीला झटका दिला! धोटा मारतात तसा, मनगटातून. शीड झपकन आत आलं, होडी कलली, मी जवळजवळ पाण्यात. भैयाजी ओरडले, "अरे बाबूजी, धीरे!" बाबांनी पुन्हा दिला, पण या वेळी जरा हळू. मग त्यांना ती ओढ कळली. वारा वाढला की ओढायचे, कमी झाला की जरा ढिले. चेहरा कसा होता ते मला लिहिता येत नाही. आई असती तर तिनं ओळखला असता. ताणा बरोबर लागला की असायचा तो.

बांधाजवळून फिरलो आणि वाऱ्याचा मोठा झोत आला. होडी आडवी व्हायला लागली, पाणी काठावरून आत. भैयाजी ओरडले, "छोडो! रस्सी छोडो!" शिडाची दोरी सोडली की होडी सावरते, नाही सोडली तर उलटते. आणि दोरी बाबांच्या मुठीत होती. त्या वेळी मला तुझं पत्र आठवलं, हात धरतो आणि मग तसाच राहतो. मी "बाबा, सोडा" म्हणत त्यांच्याकडे सरकायला लागलो, पण होडी इतकी कललेली की हात पोचेना. बाबा आपल्या मुठीकडे बघत होते. सुटत नव्हती. कपाळाच्या शिरा फुगल्या. एका दमात काहीतरी पुटपुटले, मला वाटतं मुठीलाच शिवी दिली.

आणि सुटली, गोपी. अंगठा हलला, मग बोटं. दोरी तुझ्या चार चाकांतून सर्रकन निघून गेली, शीड बाहेर फडफडलं आणि होडी उभी राहिली. आम्ही तिघं घोटाभर पाण्यात बसलेले. बाबांनी तळवा डोळ्यांसमोर धरला. "गिरिधर, पाह्य गा," म्हणाले, "उघडला." त्यांनी तो मिटला, पुन्हा उघडला. हळू, पण आपणहून. मी हुंदके देऊन रडलो आणि भैयाजी दुसरीकडे बघत शिटी वाजवत राहिले. मी म्हटलं, चला परत. तर बाबा माझ्यावरच उखडले, "आत्ताच तं आलो! दोरी दे इकडं."

घरी आलो. प्रेमिलानं तीळगूळ पुढे केला. बाबांनी उजवा हात पुढे केला, पंजा उघडा. तिनं माझ्याकडे पाहिलं, त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि लाडू तळव्यावर ठेवायलाच विसरली.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, डोलकाठीच्या टोकावरची जुनी कप्पी दोरी अडवते, तिथे हलकी पाहिजे. "मागाच्या चकऱ्या लाव. शिसमाच्या हायेत, जन्मभर अडल्या नाही." मी म्हटलं, गोपीनं शपथ घातली आहे. ते हसले. "तिले इचार मंग. तिचाच माग हाये थो." म्हणून विचारतो आहे. तू नाही म्हणालीस तर विषय संपला.

गिरिधर

गोपी दोरी चांगली हाये
तीळगूळ घे गोड बोल


माझगाव, मुंबई,
२४ जानेवारी १९७९

बाबा,

हे पत्र तुम्हाला. भाऊनं वाचलं तरी चालेल.

तुमच्या दोन ओळी मिळाल्या. अक्षर वाकडं आहे, ‘गोपी’तला काना ओळीबाहेर गेला आहे. मी ते पत्र बाबनरावांच्या हातात दिलं नाही, समोर धरून दाखवलं. मग ते म्हणाले, "दे की, फाडणार नाही." तरी नाही दिलं.

चकऱ्या काढा. चकऱ्याच कशाला, सगळा माग उतरवा. मी तो ठेवा म्हणत होते ते माझ्यासाठी. वर्षातून आठ दिवस मला माहेरी झोप लागावी म्हणून तुम्ही रोज सकाळी त्याच्यासमोर बसायचं, हे मी दिवाळीत डोळ्यांनी पाहिलं आणि मला बोलता आलं नाही. आता बोलते. भाऊला म्हणावं, लाकूड चांगलं आहे, होडीला फळ्या लागतील तिथं वापर. उरेल ते सखूबाईंना द्या, त्या काही ना काही करतील. जागा मोकळी झाली की खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवा. तिथून गल्ली दिसते.

मागाची फणी मात्र मला ठेवा. आईनं तिच्या दातांतून एकेक तंतू ओवलेला मी पाहिला आहे. भिंतीवर लावीन.

मला आवाजाची काळजी होती, की माग गेला तर खटखट कुठं ऐकू येणार. पण परवा दारूखान्यावरून जाताना त्या म्हाताऱ्याच्या दुकानात थांबले. त्याला सांगितलं, आजारी माणसानं दोरी ओढली आणि सोडलीसुद्धा. त्यानं एक कप्पी हातात घेऊन चाक फिरवलं, आणि मी तिथं रस्त्यात उभी ऐकत राहिले. तसाच नाही, पण त्याच घरातला आवाज आहे.

उन्हाळ्यात येते, मुलांना घेऊन. त्यांना आजोबांच्या होडीत बसायचं आहे. ट्यूब प्रत्येकाला एक हवी, भाऊला सांगा.

भाऊनं पुढच्या पत्रात काही नाही लिहिलं तरी चालेल. तुमच्या दोन ओळी मात्र हव्यात.

तुमची
गोपी